मागच्या सीटवरचं पाणी

ज्या गाडीवर आईला बसता येत नाही ती गाडी घेतलीसच कशाला, हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर फिरत होता. आई स्वतः विचारत नसे, तिच्या वतीनं बाकी सगळे विचारत. गाडी स्पोर्ट्स मोटारसायकल होती. हँडल खाली, पाय मागं, सगळं अंग टाकीवर ओणवं. मागची सीट उंच, अरुंद आणि पुढं उतरती. साडीतल्या बाईनं एका अंगाला पाय सोडून बसावं अशी सोयच तिच्यात नाही. बसली तरी ब्रेक लागला की घसरणार, आणि एकाच बाजूला वजन पडल्यामुळं गाडी सारखी डावीकडं ओढणार. मी लातूरच्या एका शाळेत मास्तर. गल्लीतले म्हणायचे, "सर, गाडी चालवायलाव का दंडवत घालायलाव?" हौसेला मोल नसतं, असं म्हणून मी वेळ मारून नेई.

लोकांना वाटायचं मला वेगाचं वेड आहे. वेग काढायला आमच्याकडं रस्ते होते कुठं? मला वेड होतं ते तिच्या वजनाचं. उभी असताना ती महाआडमुठी. अंगणातून मागं ढकलायची तर कंबरडं मोडायचं, आणि जरा जास्त कलली की दोन्ही हातांनी सावरत नसे. तीच रस्त्याला लागली की जड म्हणून वाटायचीच नाही. हँडल वळवायची गरजच पडत नसे. वळण दिसलं, नजर तिकडं गेली, गुडघा टाकीला टेकला, की आपणहून कलायची. मागं कुणी बसलं की मात्र निम्मी गाडी त्याच्या ताब्यात जाई. तो आपल्याबरोबर कलला तर आहे की नाही कळत नाही. तो ताठ राहिला तर गाडी वळण सोडून बाहेर जायला बघते. म्हणून मी सहसा कुणाला मागं घेत नसे.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि ते घरापर्यंत आणायचं काम ज्याच्या त्याच्याकडं होतं. माझ्या नखरेल गाडीच्या मागच्या सीटला मी दोरीनं कॅन बांधू लागलो. तेव्हा कळलं की अर्धा भरलेला कॅन सगळ्यात वाईट. ब्रेक मारला की तो मागून ढुसणी देतो, वळणात भलत्याच बाजूला जाऊन आदळतो. काठोकाठ भरलेला वजनाला जास्त, पण मुकाट बसतो. मी अर्धा कॅन कधी आणला नाही.

वैशाखातल्या एका सकाळी मावसभावाचा फोन आला. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, भोकरकडच्या एका खेड्यात राहायची. बहात्तरच्या दुष्काळात दोघी बहिणींनी तिथल्याच रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. एक हातोडा, दोघींत. पुढं लातूर जिल्हा झाला, नव्या कचेरीत वडील शिपाई म्हणून लागले, आणि आई इकडं आली. जिल्ह्याच्या ठिकाणी बरं दिसत नाही म्हणून तिनं लुगडं सोडून गोल साडी धरली. मावशी तिथंच राहिली, लुगड्यात.

"माय गेली," मावसभाऊ म्हणाला. "ऊन लई हाय, दुपारच्या पुढं ठेवता येणार न्हाई."

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. ती रडली नाही. तिनं विचारलं, "तिला आंगूळ घालाया पाणी हाय का?"

पलीकडून तो म्हणाला, "टँकर आला न्हाई, मोठे माय. बघतो कुठं मिळतं का."

बसनं नांदेड, तिथून भोकर, पुढं मिळेल ते वाहन, म्हणजे संध्याकाळच. गल्लीतल्या एकमेव जीपच्या पाठीवर पाण्याची टाकी बसवलेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी चडफडत होतो तोवर आईनं आमच्या पिण्याच्या पिंपातून दहा लिटरचा कॅन स्वतः भरला, काठोकाठ. त्याच्या झाकणाचे आटे झिजलेले होते. तिनं तोंडावर प्लास्टिकची पिशवी लावून वर झाकण दाबून बसवलं. मग ती आत गेली आणि बाहेर आली ती लुगड्यात, काष्टा घालून. मागच्या दिवाळीत मावशी राहायला आली होती तेव्हा तिचं लुगडं आमच्याकडं विसरलं होतं, तेच.

"चल," ती म्हणाली. "आता बसता येतंय मला."

वयाच्या त्या टप्प्यावर माझी आई दोन्हीकडं पाय टाकून त्या गाडीवर बसली. कॅन तिनं मांडीत घेतला, माझी पाठ आणि तिचं पोट यांच्या मधोमध, आणि झाकणावर तळहात दाबून धरला. मला धरायला तिच्याकडं एकच हात उरला.

अहमदपूर मागं पडलं आणि वळणं सुरू झाली. प्रत्येक वळणात मी कलायचो आणि आई ताठ. गाडीला दोन धनी झाले होते. मी ओरडून सांगितलं, "आई, माझ्यासंगं कल. मी जिकडं, तिकडं."

"तू गाडी चालव," ती म्हणाली.

लोह्याच्या अलीकडं एका वळणात गाडी बाहेर जात जात डांबर सोडून मुरमाला लागली. कशीबशी सावरली आणि थांबवली. मी म्हणालो, कॅन मागं बांधू आणि तू मला दोन्ही हातांनी धर, म्हणजे भीती वाटणार नाही. तिनं कॅनवर पदर ओढून घेतला. "हे राहू दे माझ्याजवळ." बाईमाणूस, पहिल्यांदाच बसलीय, घाबरणारच, असं मी मनाशी धरलं आणि पुढची सगळी वळणं बैलगाडीच्या चालीनं घेतली. मनगटं बधिर झाली. पाठ ओली झाली होती, घामानं की पाण्यानं, ते कळत नव्हतं.

पोचलो तेव्हा मावशीला पांढऱ्या कपड्यात ओसरीवर ठेवलं होतं. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लागली होती. ओल्या फडक्यानं तिचं अंग तेवढं पुसून घेतलं होतं. आईनं कुणाच्या गळ्यात पडायच्या आधी सगळ्यांना बाजूला केलं. बायकांनी चहूकडून साड्या धरून आडोसा केला. मी बाहेर उभा राहून तांब्याचा आणि पाण्याचा आवाज ऐकत होतो. आवारातली सगळीच माणसं ऐकत होती. एक म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "तोंडहात धुतलं तरी बास होतं, बया. एवढं पाणी." आत पाण्याचा आवाज थांबला नाही. शेवटी रिकामा कॅन उपडा करून झटकल्याचं ऐकू आलं आणि मग आई रडली. तसं रडणं मी वडील गेले तेव्हाही ऐकलं नव्हतं.

आम्ही त्या रात्री तिथंच राहिलो. सकाळी निघताना कॅन मावसभावाकडं ठेवला. आई पुन्हा लुगड्यात, पुन्हा दोन्हीकडं पाय टाकून. दोघी बहिणींनी खडी फोडलेल्या त्या रस्त्यावरून आम्ही गावाबाहेर पडलो. लोह्याच्या पुढं कालचंच वळण आलं. मी सवयीनं वेग कमी केला आणि जपून कललो. गाडी अलगद आत आली. मागं कुणी आहे असं जाणवलंसुद्धा नाही. पुढच्या वळणातही तेच. तिचं अंग माझ्या अंगाबरोबर कलत होतं आणि माझ्याबरोबरच सरळ होत होतं.

मला खरंच बरं वाटलं. मान जरा मागं करून मी म्हणालो, "आलं की तुला. काल अशी का नाही बसलीस? भीती गेली वाटतं."

"भीती कसली रे," आई म्हणाली. "काल मांडीत पाणी होतं. आता काय सांडायचं राह्यलंय?"