मोडेमवरची बदली

करी रोडच्या आमच्या मामांइतका शिस्तीत इंटरनेट वापरणारा माणूस अख्ख्या मुंबईत सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या घरच्यांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. मामांनी उमेदीची वर्षं गिरणीच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडण्यात काढली. गिरणी जाऊन तिथे टॉवर उभा राहिला, पण मामांच्या डोक्यातला भोंगा काही बंद झाला नाही. फायबर जोडायला माणूस आला, तेव्हा मामा स्टूल घेऊन त्याच्या मागे. "वायर वाकवू नको रे मेल्या, आत काच आसा!" त्या काचेपायी गॅलरीतल्या दोन बिऱ्हाडांनी कपड्यांच्या दोऱ्या हलवल्या, कारण मामांशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. खंडेनवमीला मामा मोडेमला झेंडूचा हार घालतात, आणि हाराखाली तो तापतो म्हणून टेबलफॅनही लावतात.

मोडेम घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला आपोआप एक नंबर देतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. मामांना 'आपोआप' हा प्रकारच मंजूर नाही. "बिल्ल्याशिवाय गेटाच्या आत कोण घेता?" असं म्हणून त्यांनी त्या माणसाकडून सगळं शिकून घेतलं आणि मोजून आठ नंबर ठेवले. कुठला नंबर कोणाचा, ते वहीत. ज्यांची नावं वहीत ते कायम. बाकीचे बदली कामगार, म्हणजे एखादा कायमवाला घराबाहेर असेल तरच त्यांना नेट. मामेभाऊ मासळी आणायला गेला, तेवढा वेळ मला एकदा कामावर घेतलं होतं. लग्न होऊन सहा महिने झाले तरी नवी सूनसुद्धा बदलीच होती, बिचारी.

पाडव्याला तिची ऑनलाइन मुलाखत आली. कंपनी परदेशातली, त्यांना आपल्या पाडव्याचं काय! पहिलीच नोकरी, आणि टॉवरांच्या गराड्यात खोलीत मोबाइलला रेंज नाही. घरात सगळे हजर, आणि सणाला जेवणाआधी कोणी बाहेर पडायचं नाही हा मामांचाच नियम. "माझा नंबर काढा," मामेभाऊ म्हणाला. "कायम माणसाक काढूक येणा नाय," मामा म्हणाले. शेवटी सूनच हळूच बोलली, "बाबा, तीन नंबर तर कोणीच वापरत नाही ना?"

तो मामींचा नंबर होता. मामींना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण वहीतलं त्यांचं नाव मामांनी खोडलं नव्हतं, हे सुनेला कोण सांगणार? मला तर तिथून उठून जावंसं वाटलं.

मामांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि मामींच्या नावाखाली सावकाश सुनेचं नाव लिहिलं. मग मोडेमच्या सेटिंगमध्ये शिरून लॅपटॉपला तीन नंबर दिला. "बस गो," म्हणाले, "आजपासून तू कायम."

आत मुलाखत सुरू झाली. तिचं इंग्रजी बाहेरपर्यंत ऐकू येत होतं, चांगलं बोलत होती. मामा गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"दोन वर्षां त्या मशिनाक म्हायत नव्हता रे, ती गेली ता," ते म्हणाले. "आज सांगूचा लागला."