बंद घरांची थुंकी

आमच्या गावातल्या आठ पुरुषांचा तपासणी अहवाल आला आणि त्यात ते आठही जण मिळून एकच बाई निघाले.

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगरावर. डोंगरी गावांतली माणसं मुळात कुठून आली, हे त्यांचा संपूर्ण जनुकक्रम वाचून शोधणारं एक पथक पुण्याहून आलं होतं. आठ घरांतल्या एकेका पुरुषाने नळीत लाळ द्यायची, एवढंच काम. आठ नमुने मिळाले तर आमचं गाव अभ्यासात, नाहीतर शेजारचं. (शेजारचं! त्यापेक्षा आम्ही बेडकाचे वंशज निघालो असतो तरी चाललं असतं.) मी बातमीदार. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका छापलेल्या. म्हणून प्रमुख डॉक्टरबाईंनी नळ्या आणि फॉर्म विश्वासाने माझ्या हवाली केले आणि त्या पुढच्या गावाला गेल्या.

मी नळ्या गावातल्या ताराकाकीकडे दिल्या. तिला घर न् घर ठाऊक. मी रेंजसाठी टेकावर चढलो, ‘गावाने इतिहास घडवला’ अशी बातमी पाठवली आणि उतरलो. आठही नळ्या भरलेल्या! ‘माझ्यासमक्ष’ या शब्दाखाली मी आठ सह्या ठोकल्या.

दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंचा फोन.

“तुमचे आठही पुरुष एक बाई आहेत.”

“म्हणजे, एकमेकांच्या नात्यातले?”

“नाही हो. एकच बाई! आणि ती तुमच्या डोंगरातलीही वाटत नाही. आमच्या माणदेशातल्या नमुन्यांशी जुळतेय.”

काकीचं माहेर माणदेशातलं, म्हसवड.

मी तालुक्याहून तडक गाव गाठलं.

“काकी, नळ्यांत लाळ कुणाची?”

“माजी. का रं?”

“आठही?”

“मग! समदी घरं बंद, माणसं मुंबईला. सनासुदीला त्या घरांचा निवद कोण दावतं? मीच की! देवानं कवा इचारलं न्हाई, घरधनी कुठं हाय म्हून.”

“अगं, पण पुरुषांची हवी होती!”

“मग तवाच सांगायचंस! तू बसलास टेकावर. हितं माजं तोंड पार वाळलं. चिच आठवून आठवून थुकले मी!”

टेकावर जाऊन फोन लावला, तर डॉक्टरबाईंनी गाव वगळायचं ठरवलं होतं. मागोमाग चढलेल्या काकीने माझ्या हातातून फोन घेतला.

“बाई, जत्रंला या. समदी हितंच असत्यात. येकेकाला हुबा करते. आन् आमच्या पोराच्या भरवशावर ऱ्हाऊ नगा.” (पोराला नातू आहे.)

त्या आल्या. देवळापुढे रांग लागली. काकी देखरेखीला.

“रामा, तंबाकू टाक आदी! चूळ भर, लय वास येतुया!”

“आवं काकी, भरली की!”

“परत भर!”

लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नव्हतं. आठही नमुने चोख निघाले. गाव अभ्यासात राहिलं. रांगेतल्या कुणाच्या हाती चहा पडू द्यायचा नाही, एवढं एकच काम काकीने माझ्यावर सोपवलं होतं. ते मी डोळ्यांत तेल घालून केलं. नववा नमुना हौसेने दिलेला, माझा. तो बाद झाला. कारणाच्या रकान्यात डॉक्टरबाईंनी काकीच्या सांगण्यावरून लिहिलं आहे : ‘दोन कप, बशीसकट.’