काचेच्या सिलिंडरवरची खूण

मायक्रॉनकाकांना कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते आधी मागे वळून बघत. दाराची कडी बसवतानाही केसभर फट सोडायला तयार नसलेल्या या माणसाला कारखान्यातल्या पोरांनीच हे नाव ठेवलं होतं. इंजिनांचे पोलादी सिलिंडर कातण्यात त्यांची हयात गेली. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगत. पण एका गोष्टीची त्यांना आयुष्यभर हुरहुर होती. आतली ती आग दिसते तरी कशी? पोलादाच्या आत कोण डोकावणार!

त्यामुळे संशोधन केंद्रातल्या मॅडम एक दिवस कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "काका, मला काचेचा सिलिंडर हवाय. इंजिन चालू असताना आतली ज्योत कॅमेऱ्यात टिपायची आहे," तेव्हा काकांना आकाश ठेंगणं झालं. हिऱ्याची भुकटी बसवलेलं चाक आणि पाण्याची धार घेऊन ते जाड काचनळी आतून घासायला बसले. पहिली तडकली. दुसरी हातात येता येता गेली. तिसरी मात्र अशी उतरली, की उजेडात धरल्यावर हातात काही आहे की नाही अशी शंका यावी! आणखी काच मिळण्यासारखी नव्हती. ही फुटली की मॅडमचा प्रयोग बारगळला आणि काकांची ज्योतही गेली.

चाचणीच्या दिवशी सकाळी घरी चहा पिताना काका खुशीत नुसते उधळले होते. "आणि बरं का, शेवटी काठावर हिऱ्याच्या टोकाने माझी खूण कोरली. आपल्या हातचं काम बिनखुणेचं बाहेर जात नाही!"

काकूंचा कप तोंडाशीच थांबला. खिडक्यांच्या काचा विकणाऱ्या दुकानात त्या काच कापायचं काम करत. "अहो, आम्ही काच तोडतो कशी?"

"कशी म्हणजे? हिऱ्याने ओरखडा काढता आणि..."

"आणि?"

"...आणि टिचकी मारता." काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पोलादावर खूण ठोकायची सवय. पोलादाला त्याचं काही वाटत नाही. काच मात्र धक्का बसला की ओरखड्यापासूनच उकलते, आणि इंजिनात धक्क्यांना काय तोटा!

"गुपचूप घासून टाकतो," काका पुटपुटले.

"गुपचूप? मीच येते सोबत. तिथे गेलात की तोंडाला कुलूप लावाल."

दोघं स्कूटर पिटाळत संशोधन केंद्रात पोहोचली, तेव्हा मॅडमच्या हातात पाना होता. "थांबा! आवळू नका!" काका दारातूनच ओरडले आणि मान खाली घालून सगळं एका दमात सांगून मोकळे झाले.

"काका, सही करायला तुम्हाला हीच जागा सापडली?" मॅडम कडाडल्या. मग त्यांनी स्वतःच सिलिंडर अलगद काढून काकांच्या हातात दिला.

काकांनी सपाट लोखंडी पाटावर काच घासायची बारीक पूड आणि पाणी घेतलं आणि काठ गोल गोल फिरवायला लागले. खूण पुसट झाली, मग गेली, तरी ते थांबेनात. ओरखड्याच्या मुळाशी न दिसणारी चीर असते, तीही जायला हवी होती. मॅडमनी भिंग लावून काठ पुन्हा पुन्हा तपासला. उंची किंचित घटली होती, म्हणून त्यांनी सांध्यात बसणारं पॅकिंग जाड घातलं.

काचेचं इंजिन जास्त वेळ चालवता येत नाही. काच तापते आणि काजळीने आंधळी होते. इंजिनासमोर संरक्षणासाठी जाड पत्र्याचा पडदा होता आणि त्यात डोकं मावेल एवढी, पलीकडून जाड काच लावलेली खिडकी. "ही जागा तुमची," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग अजून होताच.

काका पुढे झाले. छाती अशी धडधडत होती, की इंजिन आधीच सुरू झालं असं वाटावं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी काकूंना दंडाला धरून खिडकीपुढे उभं केलं. "काच शाबूत आहे ती हिच्यामुळे. आधी ही बघेल."

इंजिन कडकडलं.

"अहो!" काकू किंचाळल्या. "निळं आहे हो! मधून फुलतंय, पार कडेपर्यंत!"

"पिवळं नाही ना? धूर?" काका मागे टाचा उंचावून नाचत होते. "अगं, नीट सांग ना!"

"सांगत काय बसू? या इकडे!" काकूंनी त्यांची मानगूट धरून त्यांना खिडकीत ओढलं. जागा एकाचीच होती. गालाला गाल घासला, चष्म्यावर चष्मा आपटला.

"दिसलं!" काका ओरडले. "अगं, दिसलं!"

मॅडमनी इंजिन बंद केलं, तरी दोघांपैकी कुणीच डोकं बाहेर काढेना.