फोर्कला हळदकुंकू

माझी सून डोंगरात, दगडधोंड्यांतून सायकल चालवते. आता हे मी सरळ सांगते. सुरुवातीला कुणी विचारलं तर "व्यायामाला जाते" एवढंच म्हणायचे. विक्रोळीच्या आमच्या दोन खोल्यांत मी, मुलगा आणि सून अशी तीन माणसं, आणि टीव्हीशेजारी ही सायकल. आल्यागेल्याला तिला वळसा घालूनच सोफ्यापर्यंत पोचावं लागतं. त्यावरून माझ्या तोंडाची टकळी अधूनमधून चालायची. सून ऐकून घ्यायची आणि रविवारी पहाटे सायकल उचलून निघून जायची.

एकदा मात्र तिने मला हौसेने सगळं समजावून सांगितलं होतं. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन पाय असतात, त्याला फोर्क म्हणतात. त्यातल्या वरच्या चकचकीत नळ्या खालच्या जाड नळ्यांत आतबाहेर सरकतात आणि खड्ड्याचा दणका मधल्यामधे जिरवतात. "तो नसेल ना आई, तर मनगटांची वाट लागेल," ती म्हणाली. मी मान डोलावली. माझं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे होतं.

आमच्याकडे दसऱ्याला राबणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. माझे वडील गिरणीत मागावर होते. चालणारं लोखंड त्या दिवशी कोरडं ठेवायचं नाही, असं ते म्हणायचे. आधी पुसायचं, मग तेल द्यायचं, मग हळदकुंकू. कात्री, शिलाई मशीन, मिक्सर, मुलाची स्कूटर, सगळ्यांना मी याच क्रमाने घेते. त्या दसऱ्याला सून सकाळी ऑफिसच्या पूजेला गेली होती. मला वाटलं, एवढं त्या सायकलीला नावं ठेवतो, आज तिचंही करू. शिवाय दिवाळीच्या आधी सुनेची डोंगरात शर्यत होती. त्यासाठी ती अख्खा पावसाळा घाम गाळत होती. देवाचा हात लागलेला बरा.

हँडलला झेंडूची माळ घातली. फोर्कच्या नळ्या पुसल्या तर हाताला कोरड्या लागल्या. मशीनचं तेल आणून दोन्हींवर सढळ हाताने सोडलं. त्यावर बोटांनी हळदीचे पट्टे ओढले, वर कुंकू. मग तेल आत मुरावं म्हणून हँडलवर भार टाकून नळ्या खालीवर केल्या. बघता बघता हळदकुंकू दिसेनासं झालं. मला वाटलं, सायकलीला पूजा पावली. मी आणखी लावलं.

सून घरी आली, माळ बघून हसली. मला वाकून नमस्कार केला, सायकलीचा फोटो काढला. नळ्यांवर राहिलेलं कुंकू तिने दुसऱ्या दिवशी हलकेच पुसून घेतलं.

शर्यतीच्या दिवशी ती दुपारीच परत आली. कोपर खरवडलेलं, चेहरा उतरलेला. फोर्क आधी अडखळायला लागला आणि एका मोठ्या उतारावर दबला तो वर येईचना. प्रत्येक दगड थेट हातात बसायला लागला. शेवटी तोल गेला. अर्ध्यातून शर्यत सोडून, सायकल कुणाच्या तरी टेम्पोत टाकून ती आली होती. माझ्या मुलाने आधी फोर्क बघितला, मग कोपर.

"गोराईला बीचवर वाळूत कशाला नेलेली तू? बोललो होतो ना तुला, यार! ऐकायचं नाही कधी!"

"हो," ती म्हणाली. "वाळूच गेली असणार."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव! संध्याकाळी शेजारीण आली, तिला मी ऐकवलं, "आमची कात्री बघा, माझ्या लग्नातली आहे, अजून धार जात नाही. वस्तूची निगा राखायला लागते. नुसती हौस काय कामाची?" बोलत होते शेजारणीशी आणि नेम होता स्वयंपाकघरात. लेकी बोले सुने लागे, ही विद्या मला माझ्या सासूने शिकवली आहे. सून आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज तेवढा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

पुढच्या सुट्टीला तिने गॅलरीत वर्तमानपत्र पसरून फोर्क खोलला. ही कामं ती स्वतःच करते. मी चहा घेऊन गेले. तिच्या हातात पांढरं फडकं होतं आणि ती नळीच्या तोंडाशी असलेल्या रबरी कड्याच्या आतून काहीतरी पुसून काढत होती. फडक्यावर लाल-केशरी चिकट लगदा आला होता. कुंकू ओळखायला मला कुणी शिकवायला नको. त्याच लगद्यात एक रेघ पिवळी होती.

तिने पटकन फडक्याची घडी घातली.

"वाळू आहे, आई," ती म्हणाली.

"हो का," मी म्हणाले, आणि चहा कठड्यावर ठेवून आत आले. देवघरासमोर जाऊन बसले, तर समोर करंडा. तिथूनही उठले. तिला माहीत होतं. बहुतेक डोंगरात, तो फोर्क अडकला तेव्हाच कळलं असेल. तरी तिने नवऱ्याची बोलणी खाल्ली, माझे टोमणे ऐकले, आणि एखाद्या लहान पोराचं सांडलेलं दूध पुसावं तसं माझं कुंकू फडक्यात झाकलं. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवणही गोड लागलं नाही.

ठरवलं, सगळ्यांसमोर सांगायचं. दिवाळीच्या फराळाला धाकटा दीर आणि जाऊ आले. सायकलीचा विषय निघालाच. मुलाने हसत हसत वाळूची गोष्ट सांगितली. दिरानेही तोंडसुख घेतलं, "अगो, इतकी म्हागाची वस्तू अशी वाळूत घालूची?" सून ताटलीत चकल्या वाढत होती. तिने मान वर केली नाही.

"वाळू नाही ती," मी म्हणाले. "मी केलं ते. दसऱ्याला तेल घालून हळदकुंकू लावलं, ते आत गेलं. तिची शर्यत माझ्यामुळे गेली."

मग दीर जो हसत सुटला! "धन्य गो वयनी तुझी! सायकलीक पण कुंकू!" जाऊ डोळे पुसत म्हणाली, "असू दे वहिनी, श्रद्धेनं केलंत ना, मग झालं तर." मुलाने माझ्या खांद्याभोवती हात टाकला. "आई म्हणजे ना, एकदम झकास!" लगेच फोन काढून त्याने ही गंमत मित्रांना कळवलीसुद्धा.

कुणीतरी मला ओरडेल, निदान तोंड तरी वाकडं करेल, यासाठी मी मन घट्ट करून बसले होते. सुनेकडून झालं असं वाटत होतं तेव्हा तो हलगर्जीपणा होता, इतके दिवस सगळे तिला ऐकवत होते. माझ्याकडून झालं, तर ती श्रद्धा झाली आणि वर गंमतही. मी बघत बसले. आता तरी कुणी तिच्याकडे वळून "चुकलो गं" म्हणेल. मुलगा नाही म्हणाला. दीर नाही म्हणाला. ती चहा टाकायला आत गेली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मीही सगळं सांगितलं ते त्यांना. तिला मी अजून काहीच म्हणाले नव्हते.