सिस्टर अट्राक्टांच्या अकरा वह्या

मल्हाररावांनी आमच्या शाळेत चौतीस वर्षं घंटा वाजवली. चामराजपेटेतलं जुनं मराठी घर, बोलण्यात निम्मं कन्नड. मी वयानं लहान असूनही मला ते अक्का म्हणत. घंटेला हात लावण्याआधी ते चपला काढत. मुली हसत, पण त्यांचा नेम कधी चुकला नाही.

शाळा १९२१ साली आयर्लंडहून आलेल्या चार नन्सनी काढलेली. शहाण्णव साली तिला पंचाहत्तर वर्षं होणार होती. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, तरी शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि मला आता वेळच वेळ आहे असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

या इतिहासाचं साधन एकच. मठातली एक नन रोज संध्याकाळी दिवसाची हकिगत वहीत लिहून ठेवी. नवी मुलगी कोण आली, तापानं कोण पडलं, विहिरीला पाणी किती. अशा अकरा वह्या झाल्या. शेवटच्या चार सिस्टर अट्राक्टांच्या हातच्या. त्या मूळ आयर्लंडमधल्या कॉर्कच्या, पहिल्या चौघींच्या मागाहून आलेल्या, आता ब्याऐंशी वर्षांच्या, आयरिश नन्सपैकी एकट्या उरलेल्या. त्यांची आठवण विरत चालली होती. मला म्हणाल्या, "वह्या आण, मला वाचून दाखव. मी विसरले तरी त्यात असेल."

वह्या शाळेच्या कपाटात नव्हत्या. मल्हाररावांना विचारलं. त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी कपाटाला वाळवी लागली, तेव्हा सगळं रद्दीत द्यायचा हुकूम झाला. बाकीचं त्यांनी दिलं. पण या वह्यांच्या प्रत्येक पानावर वरती क्रूस काढलेला. देवाची खूण असलेल्या कागदात उद्या कुणी शेंगदाणे बांधले तर? त्यांच्या घरी जीर्ण पोथी नदीला देतात. त्यांनी वह्या लाल फडक्यात बांधल्या, हळदकुंकू वाहिलं आणि रविवारी बसनं श्रीरंगपट्टणला जाऊन कावेरीत सोडल्या. वडिलांच्या अस्थी सोडल्या होत्या, त्याच जागी.

"चुकलं का, अक्का?"

मनात आलं, रद्दीत दिल्या असत्या तर अव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत एखादी तरी सापडली असती.

सिस्टरना आपणच सांगायचं, असा त्यांनी हट्ट धरला. चारची घंटा देऊन अनवाणीच त्यांच्या दारात उभे राहिले आणि कन्नडमध्ये सगळं सांगितलं. सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "नदीला पाणी होतं ना?"

"भरपूर होतं, सिस्टर."

"मग बरं केलंस."

मल्हाररावांना रडू आलं. मला वाटलं, सुटले बिचारे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सिस्टरनी मला पुन्हा वह्या मागितल्या. मल्हाररावांनी पुन्हा सांगितलं. त्या दिवशी सिस्टर तोंड झाकून रडल्या. तिसऱ्या दिवशी मल्हाररावांना चोर म्हणाल्या. आठवड्यानं पुन्हा नदीच्या पाण्याची चौकशी. दर वेळी त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, आणि मल्हाररावही दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सगळं सांगत होते.

मी एकदा सुचवलं, उद्या आणतो म्हणा, त्यांच्या काय लक्षात राहतंय.

"तसं एकदा म्हणून बघितलं, अक्का. दिवे लागेपर्यंत दाराकडे बघत बसल्या. त्यापेक्षा शिव्या बऱ्या."

इतिहास छापून झाला. पहिली पन्नास वर्षं दीड पानात उरकली. समारंभाच्या दिवशी मल्हाररावांना शाल मिळणार होती. पाहुण्यांचं भाषण लांबलं. चारला पाच मिनिटं असताना ते खुर्चीवरून उठले, चपला काढून घंटा दिली आणि सिस्टरच्या खोलीकडे चालू लागले. व्यासपीठावर त्यांचं नाव पुकारलं गेलं. मी व्यासपीठाकडे हात वर करून थांबा म्हणणार होते, पण किती वेळ थांबा म्हणू, ते मला सांगता आलं नसतं.