घट्ट भरलेला कापूस

क्रिसान्तो मगबानवा माझा शेजारी. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा होतो, म्हणून तो मला ‘पारे’ म्हणायचा. एवढ्यावरून मी त्याला चांगला ओळखत होतो असं कुणी समजू नये. मुलगी परदेशी, बायको गेलेली. एकटा काय जेवायचा, कशाला घाबरायचा, मला ठाऊक नाही. त्याचे हात तेवढे ठाऊक होते. फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोत, हारो भागातल्या चौकाजवळ, चाळीस वर्षं त्याने पंपांच्या, पंख्यांच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून दिल्या.

गेल्या वर्षी त्याच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन हवंच, ती कधीही फुटेल. पण या फुप्फुसांवर भूल द्यायची तर आधी सलग महिनाभर सिगरेट बंद. दिवसाला दोन पाकिटं ओढणारा माणूस. गोळ्या झाल्या, आल्याचे तुकडे चघळून झाले. चौथ्या दिवशी तो मला गटाराच्या कडेला वाकून थोटकं वेचताना दिसला. त्यानेही मला पाहिलं. मी मान फिरवून चर्चकडे चालू लागलो. तिथे माझं काही काम नव्हतं.

शेवटी डॉक्टरच म्हणाले, निदान धुराऐवजी वाफेचा वेप तरी ओढा. तयार वेपने त्याची तलफ भागेना. मग आम्ही दोघं वेप विकणाऱ्या रोवेनाच्या दुकानात गेलो. तिच्याकडे रस तापवून वाफ करणारी तारेची कॉईल स्वतःच्या हाताने बसवायची असते तसला वेप होता.

“नोंग सांतो, पहिलीच वेळ तुमची, साधी तार घ्या,” ती म्हणाली. क्रिसान्तोला ती आदराने ‘नोंग सांतो’ म्हणायची. “सहा वेढे. मीटरवर ओहम बघा. मग बटण थोडं थोडं दाबा, लाली मधून कडेला पसरली पाहिजे. आणि कापूस—”

“अगं, चाळीस वर्षं मोटारी भरतोय मी! कॉईल मला तू शिकवणार? उद्या कोंबडीला अंडं घालायला शिकवशील!”

ती हसली, पण वाक्य तिने माझ्याकडे बघून पुरं केलं. “कापूस कॉईलमधून ओढताना जरासा अडावा, पण सरकावा. ठासून भरला तर रस आत चढत नाही, कोरडा कापूस जळतो.”

तो तारेची जाडी बघत होता. ऐकलं ते मी.

कॉईल त्याने सुरेख केली. वेढ्याला वेढा लागून, मीटरवर आकडा बरोबर. मग कापूस. मोटारीच्या खाचेत कॉईल सैल राहिली की ती थरथरून घासते आणि जळते, म्हणून वाइंडर लोक कागद आणि बांबूच्या चिपा ठोकून खाच गच्च भरतात. त्याने कापूसही तसाच स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठासला. “हलता कामा नये,” म्हणाला. पहिल्या झुरक्याला तोंड जांभळं पडलं, आणि खोकला थांबेना. खोलीभर जळक्या कापसाचा वास.

“बघ पारे, म्हाताऱ्यांना मारायची नवी युक्ती!”

तार बारीक घेतली, जाड घेतली, वेढे वाढवले, कमी केले. चूक तो तारेतच शोधत राहिला. कापूस रोज तितकाच घट्ट. संध्याकाळ झाली की सिगरेट पेटे आणि महिना पुन्हा पहिल्यापासून. मी समोरच्या बाकावर कॉफीचा कप धरून बसलेला. मी शाळेतला कारकून. कारागिराला त्याची चूक दाखवणं आयुष्यात कधी जमलं नाही. वाटायचं, आज त्यालाच सापडेल.

बाराव्या दिवशी त्याने वेप भिंतीकडे फेकला आणि टेबल दोन्ही हातांनी धरून बसला.

“पारे, मला मरायचं नाही रे.”

मी म्हणालो, “कापूस.” इतक्या हळू, की पुन्हा म्हणावं लागलं. “कापूस सैल ठेव. रोवेना म्हणाली होती.”

“कधी?”

“पहिल्याच दिवशी.”

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वेप उचलून त्याने अर्धा कापूस काढून टाकला, रस घातला, थांबला, बटण दाबलं. पांढरी वाफ आली. खोकला आला नाही. त्याने पुन्हा ओढलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

त्यानंतर सिगरेट नाही. पंचवीस दिवस नाही. पंचविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, ती वाहिनी फुटली आणि तो गेला. ऑपरेशनला पाच दिवस उरले होते. मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर वाहिनी फुटायच्या जवळपास आठवडाभर आधीच ते होऊन गेलं असतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन त्याच्या दारावरून चाललो होतो.

“बाजारात का, पारे?”

“हो. काही आणू?”

“सुके मासे आण. बारके बघ, मोठे फार खारट असतात.”

“आणि पाव?”

“पाव आहे.”