परी बोलेना

जुन्या ग्रंथात पऱ्या नसतात, हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही.

सगळी सुरुवात माझ्या मेहुण्यापासून, विलासपासून. हा कॉलेजात मराठी शिकवतो. (जेवताना आमटीचंही रसग्रहण करतो.) त्याच्या घरी बारशाला गेलो असताना मी कपाटातल्या एका ओवीबद्ध ग्रंथाला हात लावला, तर पाहुण्यांसमोर म्हणाला, "दाजी, ठेवा ते. तो काय टोमॅटोचा क्रेट आहे?"

मी टोमॅटोचा व्यापारी. हलक्यात काढणाऱ्यांची तोंडं बंद करत करतच वर आलो. तिथंच ठणकावलं, हाच ग्रंथ आमच्या सिडकोतल्या सोसायटीला सोपा करून सांगीन, आणि लोक चहा न पाजता येतील!

दर गुरुवारी पार्किंगमध्ये सतरंजी पडू लागली. पहिल्याच पानावर आलं, 'राजा कोपला, परी बोलेना'. मी बाजारच्या भाषेत फोडून सांगितलं: राजा चिडला, पण परीनं तोंड उघडलं नाही. पुढं 'दूत धाडिला, परी न ये'. म्हणजे बोलावणं गेलं, तरी बाई हटून बसली!

लोकांना चटकच लागली. पानोपानी परी, आणि दर वेळी नकार. समोरच्या शिंदेकाकूंच्या मते तिला सासरचा जाच होता. वॉचमन राजाला दोष देत होता. बसायला जागा पुरेना, तेव्हा लोकांनी गाड्या रस्त्यावर काढल्या. मग मी मुद्दाम विलासला बोलावलं. बघ म्हटलं!

काकूंनी त्यालाच विचारलं, "सर, परी शेवटी राजाला हो म्हणते का?"

"कोण परी?"

मी ओळीवर बोट ठेवलं. विलासनं चष्मा काढून डोळे पुसले. "दाजी, जुन्या मराठीत परी म्हणजे 'पण'. राजा कोपला, पण बोलला नाही."

"म्हणजे बाईच नव्हती?" काकूंचा आवाज पडला.

माझं डोकं तापलं. पुढच्या गुरुवारी पहिल्या पानापासून सुरू, मी जाहीर केलं, परी वगळून! येणार का, ते आत्ताच सांगा.

"येऊ की," काकू म्हणाल्या. "राजा एवढा कशानं चिडला, ते राहूनच गेलं."

मी विलासकडे विजयी नजर टाकून जिना चढलो. मागून बायको येत होती.

"अहो, एवढा साधा 'पण' तुम्हाला ओळखता आला नाही?" ती म्हणाली. मग स्वतःच उत्तर दिलं, "येणार कसा? घरात कुणाला कधी म्हणू दिलाय?"

तिला झापायला मी तोंड उघडलं. पहिलाच शब्द 'पण' निघत होता, म्हणून मिटलं.